सांतानचा उजवा पाय

सांतान फुर्तादच्या ट्रकचा मेंदू
आम्ही बुधवारी काढला.
चपटी ॲल्युमिनियमची पेटी, आत मुंग्यांचं घर,
कोपऱ्यात लाल धूळ.
खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली
तरी टिस्कच्या गाड्यांतून ती निघतेच
जुन्या भांडणासारखी.

दुसरा मेंदू हुबळीच्या भंगारातून आला
कन्नड बातम्यांत गुंडाळून,
चार वर्षांनी धाकटा.
याला क्रूझ येतं, म्हणाला भंगारवाला,
स्थळ दाखवताना म्हणतात ना
मुलगी पेटी वाजवते, तसं.

सांतानला तेवढंच ऐकू गेलं.
वीस वर्षं खाण ते जेटी, जेटी ते खाण,
खेपेमागे पैसे, म्हणून पाय दाबलेला.
आता बेळगावची भाजी, हुबळीचा कांदा
आणि गुडघ्यात कुणी रेती ओतलेली.
"म्हज्या पांयाक सुटी दी गो बाय,
हुबळीभायर रस्तो नीट आसा."

मी तारा ओढल्या.
क्लचपासून एक,
गिअरबॉक्सकडून वेगाची खबर आणणारी एक,
स्टिअरिंगपाशी तीन बटणं: चालू, धर, सोड.
ब्रेकच्या पेडलला दोन,
एक दाबल्यावर जुळते, एक दाबल्यावर तुटते,
आणि मेंदू दोघींची साक्ष पडताळून पाहतो.
जबानी जुळली नाही की गप्प.
हे बाबांना पटलं.
कॉम्प्युटरमधलं त्यांना पटलेलं
हे पहिलंच.

गुरुवार गेला. शुक्रवार गेला.
मीटर प्रत्येक टोकाला बरोबर बोलत होता
आणि डॅशवरचा हिरवा दिवा लागत नव्हता.
टेप सोडली, परत गुंडाळली,
अर्थिंग खरवडून चकचकीत केलं,
नकाशावर बोट ठेवून ठेवून
चौदा नंबरची पिन पुसट झाली.
शेवटी लॅपटॉप जोडला तेव्हा कळलं,
मेंदूच्या मते
सांतानचा पाय अष्टौप्रहर ब्रेकवर आहे.

सांतान केबिनबाहेर उभा होता,
दोन्ही पाय जमिनीवर.

बाबा स्टुलावर पातळ भाजी खात होते.
पाव मोडता मोडता म्हणाले,
मागचे दिवे कधी बदलले रे?
फेस्ताला. ॲश्टननं. एलईडी, लखलखीत,
पोराने हौसेनं बसवलेले.
बाबांनी हात पुसले,
दूध पावडरच्या डब्यातून एक बल्ब काढला,
चोवीस व्होल्ट, काच थोडी काळवंडलेली,
कानाशी धरून हलवला.

आत तार होती. केसाएवढी.
नव्या दिव्यांना ती नसते,
आणि मेंदू तिच्यातूनच चाचपतो
पलीकडे जमीन आहे की नाही ते.
जमीन लागेना, म्हणून तो समजत होता
कुणीतरी थांबवतंय.

हिरवा दिवा लागला.
मला बाबांचा थोडा राग आला.

शनिवारी रात्री अडीचला वेर्ण्याच्या पठारावर
साठचा काटा, माझं बोट "धर"वर.
सांतानने पाय उचलला.
इंजिनाचा आवाज तसाच,
झाडं तशीच मागे जाणारी,
पाय मात्र हवेत,
पाहुण्यांच्या घरी चप्पल कुठे काढायची
ते न कळल्यासारखा.
त्याने तो पेडलाशेजारी टेकवला, परत उचलला,
मग हाताने धरून जवळ ओढला.
"आतां हांवें कितें करचें?"
मला तरी काय ठाऊक.
म्हटलं, रस्त्याकडे बघ.

मग रस्त्यात एक बैल बसलेला, नेहमीचा.
नुसता ब्रेक शिवला आणि ट्रकने सगळं सोडून दिलं,
वाद न घालता.

परतताना फर्मागुडीच्या चढावर
त्याने बटणांना हात लावला नाही.
"हांगाचो रस्तो पांयाक खबर आसा,"
म्हणाला, आणि दाबला.

बिलात मी तारा लिहिल्या, बटणं लिहिली,
मजुरी तीन दिवसांची, मागितली दोनच.
बल्ब लिहायला घेतला
तर बाबा म्हणाले, तो जुना होता.